चौसष्ट पानांची मोकळीक

दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर ६४ पानांचे एक कच्चे मुद्रित येऊन पडते. ती आमच्या शाळेची पुढच्या वर्षाची विषयपुस्तिका असते. नववी ते बारावीच्या मुलांनी कोणते विषय घेतलेच पाहिजेत, कोणते हौसेने घेता येतील, कशाच्या आधी काय झालेले असायला हवे, हे सगळे तिच्यात असते. अमेरिकेतल्या एका स्वतंत्र शाळेत मी गणित शिकवते आणि गेली नऊ वर्षे तिथल्या अभ्यासक्रम समितीवर आहे, त्यामुळे या पुस्तिकेचे शेवटचे वाचन माझ्याकडे आले आहे. लाल पेन घेऊन मी स्वल्पविराम तपासायला बसते आणि तासाभरात भलतेच काही दिसायला लागते. एका वर्षी मी त्यातले ‘शोध घेतील’ हे क्रियापद मोजले. विद्यार्थी सत्तेचा शोध घेतील, पेशीचा शोध घेतील, वसाहतवादाचा, प्रकाशाचा आणि सरतेशेवटी स्वतःचाही शोध घेतील, असा एकूण ४१ वेळा शोध घेतला जाणार होता. सापडणार काय, हे मात्र एकाही पानावर नव्हते.

स्वतंत्र शाळा म्हणजे जी सरकारी पैशावर चालत नाही आणि जिचा कारभार तिचे स्वतःचे विश्वस्त मंडळ पाहते, अशी शाळा. फी, देणग्या आणि जुन्या विद्यार्थ्यांनी ठेवलेला निधी यांवर तिचा गाडा चालतो. राज्याने आखून दिलेला अभ्यासक्रम तिला सर्वसाधारणपणे बांधून ठेवत नाही. पाठ्यपुस्तक कोणते लावायचे, किंबहुना लावायचे की नाही, हे शिक्षक ठरवू शकतात. कागदावर पाहिली तर कुणालाही हेवा वाटावा अशी ही मोकळीक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही तसेच वाटले होते. मग उत्साहाच्या भरात मी इतर पाचसात स्वतंत्र शाळांच्या विषयपुस्तिका मागवून वाचल्या आणि चकित झाले, कारण मुखपृष्ठे काढून ठेवली असती तर कोणती पुस्तिका कोणत्या शाळेची हे सांगणे कठीण होते. इंग्रजी चार वर्षे, गणित किमान तीन वर्षे, प्रयोगशाळेसह विज्ञान, इतिहास, एक परकी भाषा, थोडी कला, थोडे व्यायामशिक्षण. ज्यांना काहीही करण्याची मुभा आहे, ते सगळे तेच का करतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागलेला आहे.

त्याचे एक उत्तर जुने आहे आणि मला ते फार गमतीचे वाटते. १८९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेने दहा जणांची एक समिती नेमली. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट तिचे प्रमुख होते. माध्यमिक शाळांत काय शिकवावे याचा गोंधळ निस्तरणे हे तिचे काम होते, आणि पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालाने आजच्या विषयरचनेचा पाया घातला. पण विषयांची यादी ठरली तरी किती शिकले म्हणजे शिकले, हे मापायचे कशाने? ते माप आले प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनातून. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्या पैशाचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या महाविद्यालयांना कार्नेगी प्रतिष्ठानाने अट घातली, की प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेत किमान १४ एककांचे शिक्षण घेतलेले असावे. आणि एक एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास. महाविद्यालयांना निवृत्तिवेतन हवे होते, म्हणून त्यांनी एकके मागितली. शाळांना आपली मुले महाविद्यालयात जायला हवी होती, म्हणून त्यांनी एकके मोजली. म्हाताऱ्या प्राध्यापकांची सोय लावता लावता एका देशाच्या शाळांचे घड्याळ ठरले. आमच्या पुस्तिकेत प्रत्येक विषयाच्या नावापुढे कंसात ‘१ श्रेयांक’ (म्हणजे क्रेडिट) किंवा ‘अर्धा श्रेयांक’ असे छापलेले असते, त्याचे मूळ तिथे आहे.

गणितापुरते बोलायचे तर याहून विचित्र वारसा आमच्याकडे आहे. पहिले वर्ष बीजगणित, दुसरे वर्ष भूमिती, तिसरे वर्ष पुन्हा बीजगणित, चौथे वर्ष कलनाची (कॅल्क्युलसची) पूर्वतयारी, आणि जी मुले एक पायरी आधी चढली त्यांना शेवटी कलन. दोन बीजगणितांच्या मधोमध अख्खे वर्ष भूमिती कोंबण्याची ही पद्धत इतर बहुतेक देशांना चमत्कारिक वाटेल, आणि तिचे फळ मी दर सप्टेंबरात चाखते: समीकरणे सोडवायला शिकलेली मुले वर्षभर त्रिकोणांच्या सहवासात राहून परत येतात तेव्हा कंसाबाहेरचे उणे चिन्ह आत कसे न्यायचे हे साफ विसरलेली असतात. हे बदलून दोन्ही एकत्र शिकवावीत म्हणून आमच्या विभागाने दोनदा प्रस्ताव मांडला. दोन्ही वेळा प्रश्न आला तो असा, की मध्येच दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या गुणपत्रकावर ‘गणित २’ दिसले तर पुढची शाळा त्याला कुठे बसवणार? प्रश्न रास्त होता. आम्ही गप्प बसलो. स्वतंत्र शाळेचे स्वातंत्र्य अशा वेळी त्या शाळेच्या फाटकापर्यंतच पोचते, कारण मुलाला कधीतरी त्या फाटकातून बाहेर पडायचे असते.

एक शाळा मात्र या बाबतीत मला नेहमी खुणावते. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झेटर अकादमीला १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस या धनिकाने ५८ लाख डॉलर दिले आणि त्यातून तिथली वर्गाची रचनाच बदलली: बाकांच्या रांगांऐवजी एक मोठे लंबवर्तुळाकार टेबल, त्याभोवती साधारण बारा मुले आणि त्यांच्यातच बसलेला शिक्षक. त्या शाळेत गणिताला पाठ्यपुस्तक नाही. शिक्षकांनी स्वतः रचलेले प्रश्नसंच आहेत, ज्यांत बीजगणित आणि भूमिती वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. मुले रात्री प्रश्नांशी झटतात आणि सकाळी फळ्यावर आपापली उत्तरे लिहून भांडतात. ते संच शाळेने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. मी त्यांतले काही प्रश्न चोरून माझ्या वर्गात वापरते आणि चोरी कबूल करायला मला संकोच वाटत नाही. पण त्या रचनेसाठी नुसते प्रश्नसंच पुरत नाहीत. एका वर्गात बारा मुले हवीत, म्हणजे जास्त शिक्षक हवेत, म्हणजे पैसा हवा. विषयपुस्तिकेतली प्रत्येक उदात्त ओळ कुठल्या तरी अंदाजपत्रकातल्या आकड्यावर उभी असते, हे मला समितीवर आल्यावर कळले.

विषयपुस्तिका कितीही भारदस्त असो, तिची खरी परीक्षा मार्चमध्ये वेळापत्रकाच्या फळ्यावर होते. हल्ली हे काम संगणक करतो हे खरे, पण आमच्या उपमुख्याध्यापिकांच्या खोलीत अजून एक पांढरा लोखंडी फळा आहे आणि त्यावर रंगीत चुंबकी पट्ट्या चिकटवलेल्या असतात: विज्ञान हिरवे, गणित निळे, भाषा पिवळ्या, कला केशरी. आडवे सात गट, प्रत्येक गट म्हणजे दिवसातली एक तासिका. ज्या विषयाच्या चार तुकड्या आहेत त्याची काळजी नसते, कारण एक नाही जमली तर दुसरी जमते. काळजी असते ती एकाच तुकडीच्या विषयांची. आमच्याकडे त्यांना ‘सिंगलटन’ म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना एकुलते विषय म्हणते, कारण त्यांचे लाडही तसेच असतात आणि हट्टही. लहान शाळेत पुस्तिका जितकी श्रीमंत, तितके एकुलते विषय जास्त. आमच्याकडे गेल्या वर्षी असे ५० होते. सात खुराडी आणि पन्नास कबुतरे असतील तर एका तरी खुराड्यात किमान आठ कबुतरे बसणारच, हे तत्त्व मी नववीच्या मुलांना शिकवते. फळ्यावर त्याचा अर्थ असा, की किमान आठ विषय एकाच वेळी भरणार आणि त्यांतला एकच कुणालाही घेता येणार. पुस्तिकेत ते सगळे शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असतात.

दोन वर्षांपूर्वी अकरावीत जाणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिची मी सल्लागार शिक्षिका होते, म्हणजे विषय निवडताना तिच्या फॉर्मवर माझी सही लागायची. तिला वाद्यवृंदात व्हायोला वाजवायचा होता आणि वरच्या पातळीचे रसायनशास्त्रही घ्यायचे होते; दोन्ही एकुलते, दोन्ही एकाच गटात. रसायनाला प्रयोगशाळेसाठी जोडतासिका लागते, म्हणून ते हलत नव्हते, आणि वाद्यवृंदात चार इयत्तांची मुले असल्यामुळे तो तर मुळीच हलत नव्हता. पण ती तक्रार घेऊन आलीच नव्हती. चौकटीच्या कागदावर तिने सगळ्या शाळेचे वेळापत्रक उतरवून काढले होते आणि पाच पट्ट्या सरकवून आपला मार्ग मोकळा केला होता. शेवटची पट्टी माझी होती. “तुमचा सांख्यिकीचा वर्ग पहिल्या तासाला गेला, तर माझे दोन्ही जमते,” असे ती म्हणाली. मी कागद तपासला. तिचे बरोबर होते. उपमुख्याध्यापिकांनी ते संगणकाला घालून पाहिले, तेव्हा तिचे दोन्ही जमत होते आणि दुसऱ्या चार मुलांचे काही ना काही तुटत होते. मी तिला तसे सांगितले. तिने एकच विचारले, “ते चौघे कोण?” मला नावे सांगता येणार नव्हती. ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली, मग तिने तो चार घड्या करून खिशात टाकला आणि रसायनावर खूण केली. त्या मुलीइतके बारकाईने आमचे वेळापत्रक समितीतल्या कुणीही वाचलेले नव्हते, मीसुद्धा नाही.

आता त्या ‘वरच्या पातळी’विषयी, कारण खरे पाणी तिथे मुरते आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अँडोव्हर, एक्झेटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन स्वतंत्र शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन विद्यापीठे यांच्या शिक्षकांनी एकत्र बसून पाहणी केली. हुशार मुले शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जे शिकतात तेच महाविद्यालयाच्या पहिल्या दोन वर्षांत पुन्हा उगाळतात, असे त्यांच्या लक्षात आले. या आणि अशाच दुसऱ्या एका प्रयत्नातून ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘एपी’, जन्माला आले. १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने ते चालवायला घेतले आणि १९५६ मध्ये पहिल्या परीक्षा झाल्या. शाळेतच महाविद्यालयाच्या तोडीचा विषय शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, एक ते पाचमध्ये गुण मिळवायचे. मूळ कल्पना वेळ वाचवण्याची होती. पुढे ती देशभरच्या सरकारी शाळांत पसरली, आणि तिथे तिने पुष्कळ मुलांना वर जायला खरोखर शिडी दिली. मात्र जिथे ती जन्मली त्या श्रीमंत शाळांत ती हळूहळू वेळ वाचवण्याचे साधन राहिली नाही. किती एपी घेतले, हा मुलाची ऐपत मोजण्याचा आकडा झाला.

मग चक्र उलटे फिरले. २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ स्वतंत्र शाळांनी, ज्यांत सिडवेल फ्रेंड्ससारखी नामांकित शाळा होती, एकत्रितपणे जाहीर केले की २०२२ पर्यंत आम्ही एपीचे वर्ग बंद करू आणि आमचे आम्ही विषय रचू. अशा निर्णयाचे कौतुक मला आहे, कारण परीक्षेच्या धास्तीने पळवलेला इतिहास आणि जीवशास्त्र मी शेजारच्या वर्गांतून ऐकलेले आहे. पण कौतुकाला एक काटाही आहे. ज्या शाळेचे नाव प्रवेश अधिकाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तिला शिक्का टाकून देणे परवडते; ज्या मुलाच्या शाळेचे नाव कुणी ऐकलेले नाही, त्याला तो शिक्काच स्वतःची ओळख सांगायला उपयोगी पडतो. आपल्या हातातली शिडी जुनी झाली म्हणून आपण ती ठेवून देतो, तेव्हा खाली कुणी उभे आहे का, हे बघायचे राहून जाते.

आमच्या शाळेनेही काही वर्षांपूर्वी एपी सोडले. त्यासाठी दोन वर्षे बैठका झाल्या, पालकांच्या सभा झाल्या, आणि शेवटी आम्ही पुस्तिकेतून ती दोन अक्षरे काढून टाकली. त्यांच्या जागी काय आले? ‘प्रगत’ आले. प्रगत रसायनशास्त्र, प्रगत स्पॅनिश, प्रगत कलन. याचे कारण एका चौकोनात आहे. महाविद्यालयाच्या अर्जासोबत शाळेचा समुपदेशक जो अहवाल पाठवतो, त्यात एक प्रश्न असतो: या शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या तुलनेत या विद्यार्थ्याची निवड किती कठीण होती? सर्वांत कठीण, खूप कठीण, कठीण, सरासरी, सरासरीपेक्षा कमी. यांपैकी एका चौकोनात खूण करायची असते. चांगल्या हेतूने घातलेला प्रश्न आहे, कारण ज्या शाळेत कठीण विषयच नाहीत तिथल्या मुलाला त्याचा दोष लागू नये. पण त्यामुळे कठीण कशाला म्हणायचे हे शाळेला कुठे तरी लिहून ठेवावे लागते, आणि ते एकदा लिहिले की मुले पुस्तिका उघडून पहिल्यांदा तोच शब्द शोधतात. अर्थात मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पान उलटण्याआधी तोच शब्द शोधला असता.

या सगळ्याच्या विरोधात एक पुरावा ८० वर्षांहून अधिक काळ पडून आहे. १९३०च्या दशकात प्रागतिक शिक्षण संघटनेने सुमारे ३० शाळा निवडल्या, काही सरकारी, काही स्वतंत्र; आणि जवळपास ३०० महाविद्यालयांकडून कबूल करून घेतले, की या शाळांतल्या मुलांना नेहमीच्या प्रवेशाच्या अटी लावायच्या नाहीत. शाळांनी आपल्या मनाप्रमाणे अभ्यासक्रम रचावा. मग त्या शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या १,४७५ विद्यार्थ्यांची तशाच घरच्या, तशाच कुवतीच्या पण नेहमीच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यांशी जोडीजोडीने तुलना केली गेली. प्रयोगातली मुले कुठे कमी पडली नाहीत, काही बाबतींत किंचित पुढेच होती, आणि ज्या शाळांनी अभ्यासक्रम सर्वांत जास्त बदलला होता त्यांची मुले तर अधिकच पुढे होती. ‘आठ वर्षांचा अभ्यास’ म्हणून ओळखला जाणारा हा अहवाल १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. देश युद्धात उतरला होता, तो वाचायला कुणाला सवड होती? समितीच्या बैठकीत मी त्याचा उल्लेख केला की सहकारी माना डोलावतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. आता मीही तो फारसा काढत नाही.

त्याच समितीतली एक बैठक मात्र मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे पुढच्या वर्षी एकाच जादा तुकडीपुरता पैसा होता आणि मागण्या तीन होत्या. चौथ्या वर्षाचे लॅटिन, ज्याला फक्त चार मुलांनी नाव दिले होते. विदाशास्त्राचा, म्हणजे डेटा सायन्सचा, नवा विषय. आणि मातीकामाची दुसरी तुकडी, जिच्यासाठी प्रतीक्षायादी लागली होती. लॅटिनच्या शिक्षकांनी फार बोलायचे टाळले. ते एवढेच म्हणाले, की या चौघांना आपण तीन वर्षे व्याकरण घोटायला लावले आहे आणि आता कुठे ती कविता वाचणार आहेत. आम्ही नऊ जण होतो. लॅटिन की विदाशास्त्र, यावर हात वर झाले तेव्हा सहा विरुद्ध तीन मतांनी लॅटिन जिंकले. विदाशास्त्र की मातीकाम, यावर सहा विरुद्ध तीन मतांनी विदाशास्त्र जिंकले. म्हणजे लॅटिनच ठरले, असे म्हणून सगळे कागद आवरू लागले, तेवढ्यात कुणीतरी नियमाप्रमाणे तिसरी जोडीही घ्या म्हणाले; आणि मातीकामाने लॅटिनला सहा विरुद्ध तीन मतांनी हरवले. खोलीत शांतता पसरली. मला हसू आवरेना आणि ते का, हे कुणाला कळेना.

कॉन्दोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये दाखवून दिलेली ही गोष्ट आहे. प्रत्येक माणसाचा पसंतीक्रम अगदी सुसंगत असला तरी सगळ्यांचा मिळून क्रम वर्तुळात फिरू शकतो. आमच्यापैकी तिघांना लॅटिन, मग विदाशास्त्र, मग मातीकाम हवे होते. तिघांना विदाशास्त्र, मातीकाम, लॅटिन. आणि उरलेल्या तिघांना मातीकाम, लॅटिन, विदाशास्त्र. वेड्यासारखे कुणीच वागत नव्हते, तरी समिती म्हणून आम्ही वेड्यासारखे वागत होतो. मी फळ्यावर तीन स्तंभ काढून हे दाखवले. दाद मिळाली, निर्णय झाला नाही. शेवटी मातीकामाच्या शिक्षिका पुढच्या वर्षी रजेवर जाणार असल्याचे मुख्याध्यापकांना आठवले आणि विदाशास्त्राला अजून शिक्षक मिळालेला नव्हता, म्हणून लॅटिन राहिले. चार मुलांनी कविता वाचली. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत ‘अभिजात परंपरेशी आमची बांधिलकी’ असे वाक्य आहे ते खोटे नाही. फक्त त्या वर्षी ती बांधिलकी एका रजेच्या अर्जावर तोललेली होती.

त्या फळ्यावरच्या तीन स्तंभांतून माझा एक विषय निघाला: ‘मतदानाचे गणित’. अकरावी-बारावीसाठी, एका सत्राचा, अर्ध्या श्रेयांकाचा. वर्णन मी स्वतः लिहिले. पहिल्या वर्षी पाच मुले आली आणि ते सत्र माझ्या नोकरीतले सर्वांत आनंदाचे असावे. विद्यार्थी मंडळाची निवडणूक तोंडावर होती. एकेक मत देण्याऐवजी उमेदवारांना क्रम लावून गुण द्यायचे, ही बोर्दाची पद्धत वापरून बघावी असे त्या पाच जणांना सुचले. मग त्यांनी मतपत्रिका आखल्या, उमेदवारांना पटवले, चारशेच्या वर मतपत्रिका हाताने मोजल्या, आणि सर्वांत जास्त पहिली पसंती मिळालेला मुलगा हरला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत चिडलेल्या मुलांना ते का झाले हे समजावून सांगितले. यात तीन आठवडे गेले. ठरवलेल्या पाठांपैकी दोन राहिलेच. मला त्याचे काही वाटले नाही.

पण पाच मुलांवर विषय टिकत नाही. समुपदेशन विभागातल्या माझ्या एका मैत्रिणीने सरळ उपाय सांगितला. “नावाच्या आधी ‘प्रगत’ घाल,” ती म्हणाली. “तुझा विषय तसाही सोपा नाहीये. उगाच सोवळे कशाला?” मी घातला. दुसरा एक शब्द बदलला नाही. वर्णन तेच, पूर्वअट तीच, शिक्षिका तीच. पुढच्या वर्षी १७ मुले आली.

दुसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. उद्धटपणा त्याच्या स्वभावात नव्हता, उलट जरा भिडस्तच मुलगा. त्याने विचारले, “हे प्रगत आहे ना? मग कठीण कधी होणार?” त्याला खरोखर काळजी वाटत होती. आपण चुकीच्या गाडीत तर बसलो नाही ना, अशी. मी हसून वेळ मारून नेली, पण घरी गेल्यावर पाठांचे नियोजन काढून बसले. केनेथ ॲरो यांचा १९५१ मधला सिद्धान्त, की तीन किंवा अधिक पर्याय असले तर काही अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकदम पाळणारी मतांची बेरीज अशक्य आहे, हा मी पहिल्या वर्षी सत्राच्या शेवटी गोष्टीसारखा सांगितला होता. आता मी तो तिसऱ्या आठवड्यात आणला, सिद्धतेसकट. वर्ग गंभीर झाला. वह्या भरू लागल्या. चाचणीचे गुण नीट पसरले, पाच जण उत्तम, तीन जण काठावर; ‘प्रगत’ विषयाचे पसरावेत तसे. आणि निवडणूक आली तेव्हा आमच्याकडे तीन आठवडे नव्हते. मतपत्रिका मोजायला कुणी गेले नाही, आणि कुणी विचारलेही नाही.

त्या सिद्धतेत काही वाईट नाही, ती सुंदर आहे, आणि १७ मुलांपैकी चारपाच जणांना ती आयुष्यभर लक्षात राहील अशी मला आशा आहे. मला डाचते ते वेगळेच. आमच्या शाळेवर कोणतेही खाते नाही, कोणतेही मंडळ मला काय शिकवायचे ते सांगत नाही, त्या बदलासाठी कुणी मला एक चिठ्ठीही पाठवली नव्हती. शब्द मी घातला, आणि मग शब्दाला जागायला म्हणून विषयही मीच बदलला. दहा वर्षांपूर्वी पाचसात पुस्तिका समोर ठेवून ज्या प्रश्नाचे उत्तर मी एलियट आणि कार्नेगी यांच्या काळात शोधत होते, त्याचा निदान एक तुकडा माझ्या स्वतःच्या नियोजनाच्या वहीत होता.

या वर्षीचे मुद्रित सोमवारी आले. शुक्रवारपर्यंत परत द्यायचे आहे. माझा विषय ३८व्या पानावर आहे. मैत्रिणीला विचारले, तर तिने प्रामाणिकपणे सांगितले, की तो शब्द काढलास तर संख्या पुन्हा पाचसहावर येईल आणि मग पुढच्या वर्षी विषय राहीलच याची खात्री नाही. दोन्ही बाजूंनी विचार करून झाला आहे. त्या शब्दाभोवती मी पेन्सिलने एक पुसटसे वर्तुळ काढून ठेवले आहे, लाल पेन अजून लावलेले नाही. त्याच वर्णनात खाली मात्र ‘विद्यार्थी सामूहिक निर्णयांचा शोध घेतील’ असे वाक्य आहे. ४१ पैकी एक माझेच होते तर. ते तेवढे तिथल्या तिथे खोडले.